मौनावर मिळालेली फेलोशिप

बाईंना फेलोशिप मिळाली ती मौनावर, आणि ही बातमी त्यांनी इतक्या मोठ्यांदा सांगितली की काय झालं म्हणून शेजारचे दार उघडून बाहेर आले.

बाई म्हणजे कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या बाई. विद्यार्थी बाई म्हणायचे, सहकारी बाई म्हणायचे, आणि पुढे पुढे तर नवराही गिऱ्हाइकांशी बोलताना ‘आमच्या बाई’ म्हणू लागला. नवरा घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक चक्रांशी खेळणारा, गाण्याशी छत्तीसचा आकडा असलेला, पण बायकोचं कौतुक करायची संधी कधी न सोडणारा माणूस. बाई निवृत्तीला टेकल्या होत्या. दुसऱ्यांचे प्रबंध तपासता तपासता केस पिकले, पण मुखपृष्ठावर स्वतःचं नाव असलेलं एक पुस्तक व्हावं ही इच्छा काही पिकली नव्हती, ती अजून हिरवीगार होती.

आणि देवाने ऐकलं. एका दूरच्या विद्यापीठाकडे जुन्या ध्वनिफितींचा मोठा संग्रह होता. तिथे जाऊन पंधरवडाभर अभ्यास करणाऱ्याचा जाण्या-येण्याचा, राहण्याचा सगळा खर्च विद्यापीठ करणार होतं. शेवटच्या आठवड्यात समितीपुढे एक व्याख्यान द्यायचं, आणि ते पसंत पडलं तर विद्यापीठच पुस्तक काढणार होतं. लेकीने फोनवर सगळं समजावलं, बाईंनी संग्रहाची सूची वाचायला घेतली, आणि एका नोंदीपाशी त्यांचं बोट थांबलं. एका जुन्या कीर्तनकार बुवांच्या फिती. पुढे सूचीकाराने लिहिलं होतं, ‘एकट्याचं गायन व निरूपण. मधून मधून दीर्घ मौन.’

कीर्तनकार आणि मौन? बाई कीर्तनातच लहानाच्या मोठ्या झालेल्या. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायच्या, झोप लागली तरी कान जागे असायचे. त्यांच्या ऐकण्यातल्या बुवांना श्वास घ्यायलाही फुरसत नसायची. मग हे कोण बुवा, जे मधेच गप्प होतात? विचार करता करता बाईंना उत्तर सुचलं, आणि ते इतकं सुंदर होतं की त्यांच्याच अंगावर काटा आला. देवाचं नाव ओठांशी आलं की शब्द थिटे पडतात. बुवा तिथे थांबत असणार. जिथे भाषा संपते, तिथे मौन देवाशी बोलतं. बाईंनी एका बैठकीत प्रस्ताव लिहून काढला. समितीच्या अध्यक्षांनी मौन याच विषयावर उभी हयात घालवली होती. त्यांचं उत्तर आलं की असा प्रस्ताव वाचायला मिळेल ही आशा आपण सोडून दिली होती.

घड्याळजींनी दुकानाला कुलूप लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं की बाईंचं पुस्तक येतंय. मौन मोजायला म्हणून त्यांनी बायकोला एक छानसं थांबतं घड्याळही, म्हणजे स्टॉपवॉच, तेल घालून दिलं.

विद्यापीठाच्या पाहुणेघरात खोली मिळाली. दोन खाटा, एक किटली, खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं संग्रहालयाच्या दारात हजर. दारातल्या रखवालदाराने पिशवी, कोट, छत्री आणि पेन काढून घेऊन एका कपाटात बंद केलं. आत न्यायला परवानगी फक्त पेन्सिल, कोरे कागद आणि तपासून घेतलेलं थांबतं घड्याळ एवढ्यालाच. घड्याळजींकडे वाचकाचं कार्ड नव्हतं, त्यामुळे त्यांना बाहेरच्या बाकावर बसावं लागलं. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं. ते बघत बसणं म्हणजे त्यांना दाढदुखी. मी दुरुस्त करू का, म्हणून त्यांनी रखवालदाराला विचारलं, तर अर्ज करा असं उत्तर मिळालं. त्यांनी अर्ज केला.

आतल्या वाचनकक्षात टाचणी पडली तरी तिला स्वतःची लाज वाटेल अशी शांतता होती. ती राखायचं काम एका उंच, रबरी तळव्यांचे बूट घालणाऱ्या ग्रंथपालांकडे होतं. बाईंकडून वर्णन ऐकून घड्याळजींनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव शांतताताई ठेवलं. शांतताताई कधी कुणावर ओरडत नसत. ओरडणं हाही आवाजच की. कुणी गडबड केली तर त्या मांजराच्या पावलांनी जाऊन त्याच्या टेबलावर एक छापील कार्ड ठेवत, ‘कृपया शांतता राखावी.’ आणि तशाच परत येत.

बुवांची फीत लगेच ऐकायला मिळाली नाही. ती थंड कोठीतून वर आली, आणि शांतताताईंनी सांगितलं की आज तिला नुसतं बसू दे. गारठ्यातून आलेली फीत तशीच यंत्रावर चढवली तर तिचा थर सुटतो. बाईंना हे फार आवडलं. लांबून आलेल्या पाहुण्याला आधी टेकू द्यावं, मग बोलतं करावं.

मग उजाडला तो दिवस. यंत्र शांतताताईंच्या टेबलासमोर मांडलेलं होतं. आवाजाची सुई दाखवणारी तबकडी मुद्दाम त्यांच्याकडे वळवलेली, फीत नीट चालली आहे ना, यावर त्यांची नजर राहावी म्हणून. बाई बाजूला बसल्या, कानांवर हेडफोन चढवले आणि कळ दाबली.

आधी एक कोरडा आवाज आला. ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ सांगत होते की बाहेरचा कुठलाही आवाज येऊ नये म्हणून बंद खोलीत, कुणालाही आत न घेता ही फीत केली आहे. आणि मग बुवा. अहाहा, काय गळा होता! दाणेदार, प्रेमळ, आपल्याच ओसरीवर बसून बोलावं तसा. बाईंना हात जोडावेसे वाटले, पण एका हातात पेन्सिल होती आणि दुसऱ्यात घड्याळ. बुवांनी गोष्ट सुरू केली. एका म्हातारीची. दारावर थाप पडली की ती भीतीने दडून बसायची. बुवांनी ओळ उचलली, ‘कोण आलं गं दारी…’ आणि थांबले.

मौन.

बाईंनी घड्याळाची कळ दाबली. काटा पळू लागला. बुवा पुन्हा बोलू लागले तशी बाईंनी पुन्हा कळ दाबली आणि कागदावर आकडा मांडला. त्यांचं काळीज नुसतं थुईथुई नाचत होतं. सूचीकार खरं बोलला होता. पुढे पुढे तर ही मौनं लांबत गेली. जसं निरूपण रंगत होतं, तसं मौन खोल होत होतं. बाईंनी लिहिलं, ‘जसजसा देव जवळ येतो, तसतसे शब्द मागे हटतात.’ असं वाक्य आपल्या हातून उतरलं म्हणून त्यांनी त्या दिवशी नवऱ्याला बाहेर जेवायला नेलं.

तिसऱ्या फितीच्या वेळी टेबलावर पहिलं कार्ड आलं. बाईंनी मान वर केली. कृपया शांतता राखावी? शेजारी एक गृहस्थ जुने नकाशे पाहत बसले होते आणि मधूनच कागद उलटत होते. त्यांच्याचसाठी असणार, चुकून इकडे पडलं. बाईंनी ते कार्ड हळूच सरकवून त्यांच्यापुढे ठेवलं. गृहस्थ बिचारे गोरेमोरे झाले आणि त्यानंतर नकाशा असा उलटू लागले की झोपलेल्या बाळाची कूस बदलत असावेत.

थोड्या वेळाने दुसरं कार्ड आलं. बाईंना आता त्या गृहस्थांची कीव आली. त्यांनी तेही सरकवलं. गृहस्थांनी सगळे नकाशे गुंडाळले, पेन्सिल खिशात घातली आणि ते घरी निघून गेले.

तिसरं कार्ड आलं तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. शांतताताईंनी नुसतं बोट दाखवलं. बाहेर या.

बाहेर बाकावर घड्याळजी बसलेले होतेच. ते उठून उभे राहिले. शांतताताई प्रथमच पूर्ण आवाजात बोलल्या, आणि तो आवाज चांगला भारदस्त निघाला.

“बाई, तुम्ही गाता.”

“मी?” बाई म्हणाल्या. “छे हो, मी तर आकडे मांडतेय.”

“मांडता आणि गाता. आणि मला राग गाण्याचा नाही, खोडीचा आहे. फीत वाजत असते तेव्हा तुम्ही शहाण्यासारख्या गप्प. सुई खाली पडली रे पडली की तुम्ही सुरू. सुई उठली की परत गप्प. जाणूनबुजून करावं तसं. त्या नकाशेवाल्यांना उगीच पळवलंत.”

घड्याळजींना हसू आलं. ते म्हणाले, घरी भांडी विसळतानाही हिचं असंच चालतं, तिचं तिला कळत नाही. पण बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

“दर वेळी?” त्यांनी विचारलं. “सुई पडली की दर वेळी?”

“दर वेळी. एकदा तरी चुकाल तर शपथ.”

“आणि काय गाते मी?”

शांतताताईंनी दोन्हीकडे पाहून घेतलं आणि पोलिसात फिर्याद नोंदवावी तशा सुरात म्हणाल्या, “आपलंच माणूस, घ्या गं घरी.”

बाई नवऱ्याच्या शेजारी मटकन बाकावर बसल्या.

आता उमजलं. ‘कोण आलं गं दारी’ म्हणून बुवा थांबत होते, ते काही मौनात जायला नव्हे. पुढची अर्धी ओळ त्यांची नव्हतीच, ती ऐकणाऱ्यांची होती. बाई लहानपणी आईच्या मांडीवरून हेच तर म्हणायच्या, जांभईला जांभई यावी तसं. बुवांनी निम्मं टाकायचं, लोकांनी निम्मं उचलायचं. कीर्तन रंगलं की लोकांचं उचलणंही लांबायचं, एकाची दोन आवर्तनं व्हायची, म्हणून त्या जागा लांबत गेल्या होत्या. हे ज्याने कीर्तन ऐकलंय त्या कुणालाही ठाऊक. बाईंनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या हातात घड्याळ आणि पेन्सिल होती, डोक्यात सिद्धांत होता. गळ्याला तेवढं कुणी काही शिकवलं नव्हतं, म्हणून तो बरोबर बोलत राहिला.

संध्याकाळी खोलीवर पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली तरी कुणी उठलं नाही. घड्याळजींना सगळा प्रकार समजला होता, पण पटत नव्हता. त्यांनी आडून आडून विचारलं की व्याख्यानाला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे कळेल. बाई म्हणाल्या, एकालाही नाही. अध्यक्षांना? त्यांना तर मुळीच नाही, त्यांना मौन म्हटलं की जेवणही लागत नाही.

“मग अगं, सांगायलाच हवं का? मौन छान होतं. मलासुद्धा कळलं होतं.”

“अहो, बंद खोलीत कोंडलं होतं त्यांना. समोर चिटपाखरू नाही, नुसतं यंत्र. तरी प्रत्येक ओळीला ते लोकांचा वाटा काढून ठेवत राहिले. उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवावं तसा. आणि तो मी माझ्या पुस्तकात वाढून घेऊ?”

घड्याळजींनी उठून किटली पुन्हा लावली. मग म्हणाले, “नको घेऊस. पण दुकानात येणाऱ्या एकेकाला मी पुस्तकाचं सांगून बसलोय.”

“सांगा, बिघडलंय म्हणून. तुमची गिऱ्हाइकं असं ऐकायला सरावलेली आहेत.”

यावर दोघंही हसले. पण बाईंनी कागद आवरले तेव्हा ‘जसजसा देव जवळ येतो’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, आणि खोडताना पेन्सिल जरा हळूच टेकवली. जन्मात पुन्हा असं वाक्य येईल की नाही, कुणास ठाऊक.

व्याख्यानाला दालन भरलं होतं. समितीचे लोक, काही विद्यार्थी, मागच्या रांगेत घड्याळजी, त्यांच्या पलीकडे शांतताताई आणि अगदी दाराजवळ ते नकाशेवाले गृहस्थ. अध्यक्ष मौनाच्या थोरवीवर खूप वेळ बोलले. बारीक अंगाचे, डोळे मिटून बोलणारे. त्यांनी सांगितलं की या फितींबद्दल त्यांनी स्वतःही लिहिलंय आणि आज त्यांना त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची पावती मिळणार आहे.

बाईंनी आधी फीत तशीच ऐकवली. ‘कोण आलं गं दारी…’ आणि मौन. दालन भारावून गेलं. अध्यक्षांनी डोळे मिटले, मान डोलावली. बाईंच्या मनात आलं की आता इथेच थांबलं तर टाळ्या पडतील, पुस्तक निघेल, घड्याळजी ते दुकानाच्या काचेत मांडतील. त्यांनी फीत मागे घेतली.

“आता हेच पुन्हा ऐका,” त्या म्हणाल्या. “आणि मला माफ करा.”

बुवांनी ओळ टाकली, आणि या वेळी बाईंनी ती मोकळ्या गळ्याने उचलली, ‘आपलंच माणूस, घ्या गं घरी.’ ओळ संपायला आणि बुवांचा पुढचा शब्द यायला एकच गाठ पडली. पुन्हा टाकली, पुन्हा उचलली. गोष्टीतली म्हातारी दार उघडायला निघाली तशा बाईंनी ती ओळ दोनदा घेतली, आणि बुवा तेवढे थांबलेले होते. मग बाईंनी यंत्र बंद करून सरळ सांगितलं की या फितींमध्ये मौन नाही. यात आपण आहोत, फक्त त्या दिवशी आपल्याला आत घेतलं नव्हतं. माझा प्रस्ताव चुकला.

अध्यक्षांनी डोळे उघडले. “हे तुम्हाला केव्हा समजलं?”

“परवा.”

“आणि तरी तुम्ही आलात.”

“यावं तर लागणारच होतं,” बाई म्हणाल्या. “खर्च तुम्ही केलाय.”

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा खिशात ठेवला आणि चहाला न थांबता ते निघून गेले. समितीतल्या एकाने बाईंना हळू आवाजात सांगितलं की पुस्तकाची आशा आता धरू नका. बाई म्हणाल्या, नाही धरत.

फेलोशिपचे थोडे दिवस उरले होते. घड्याळजी म्हणाले, चल परत, दुकान वाट पाहतंय. बाईंनी नाही म्हटलं. खरं काम तर आता सुरू होत होतं. बुवांनी सोडलेल्या कितीतरी जागा अशा होत्या की तिथे लोक काय म्हणायचे ते बाईंना येत नव्हतं. येतील तेवढ्या भराव्यात, उरतील त्यांवर खूण करावी, एवढंच त्यांनी ठरवलं. पुस्तक नाही तर नाही. वाचनकक्षात हे शक्य नव्हतं, म्हणून शांतताताईंनी तळघरातली एक खोली उघडून दिली. तिथे कागदपत्रांसाठी पुठ्ठ्याच्या पेट्या दुमडत असत. हेडफोनची गरज नव्हती, भिंती जाड होत्या. शांतताताई म्हणाल्या, इथे काय वाट्टेल तो गोंधळ घाला, फितीपासून लांब बसून चहाही प्या, वर एक शब्द आला नाही म्हणजे झालं.

बाई गात होत्या, लिहीत होत्या, अडत होत्या. अशात दारावर टकटक झाली. अध्यक्ष होते. एरवी नुसत्या शब्दावर कुठलीही फीत मागवू शकणारा हा माणूस, पण इतर वाचकांसारखी मागणीची चिठ्ठी भरून, तिच्यावर शिक्का घेऊन आला होता. बाई उठू लागल्या तसा त्यांनी हात केला आणि ते एका उलट्या पेटीवर बसले. पेटी थोडी दबली.

“मौनाचं पुस्तक आता निघणार नाही,” ते म्हणाले.

“नाहीच निघणार.”

“माझंही नाही. तुमच्या बुवांवर त्यात एक मोठं प्रकरण होतं. छापखान्यातून परत मागवलं.”

बाईंना वाईट वाटलं, मनापासून. चुकणं आपलं एकटीचं आहे, असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी आपल्या पेल्यातला अर्धा चहा दुसऱ्या पेल्यात ओतून पुढे केला. अध्यक्षांनी तो घेतला, पण प्यायला नाही.

“एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. “परवापासून ती ओळ डोक्यातून जात नाही. फिरायला गेलो तरी तीच. पण मी म्हणू लागलो की कुठेतरी आपटतो. कुठून उचलायची?”

“बुवांचं शेवटचं अक्षर जमिनीला टेकू द्यायचं,” बाई म्हणाल्या. “मग.”

त्यांनी फीत लावली. ‘कोण आलं गं दा…’ अध्यक्ष मधेच घुसले. बाई म्हणाल्या, थांबा, त्यांचं होऊ दे. फीत मागे गेली. दुसऱ्या वेळी अध्यक्ष इतके थांबले की बुवाच पुढे निघून गेले. उभी हयात मौनात गेलेली, ते मोडायचं म्हणजे जिवावरच येत असणार. अध्यक्षांनी कपाळावरचा घाम पुसला आणि गुडघ्यावर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे ताठ बसले. बाईंनी फीत आणखी एकदा मागे घेतली.

‘कोण आलं गं दारी…’

बाई मुद्दाम गप्प राहिल्या. अध्यक्षांनी ओळ उचलली. सूर कुठल्या कुठे होता, ‘घरी’ म्हणताना आवाज चिरकला, पण उतरले ते बरोबर जागेवर. आणि बुवांनी लगेच पुढची ओळ घेतली, एवढ्याचसाठी इतकी वर्षं थांबले असावेत तशी.